उरलेला डावा

“पायात नसला तरी हातात घेत चला. महिन्यातून एकदा तेलाचं फडकं फिरवा, आत कागद भरा, आणि अंधारात कोंडून विसरून जाऊ नका. न घातलेलं चामडं घातलेल्यापेक्षा लवकर मरतं.”

बुटांच्या दुकानातल्या आजोबांचे हे बोलणे मला अजून ऐकू येते. ते माझ्याविषयीच बोलत होते. मित्रांनो, मी एक जुना गोल्फचा बूट आहे, डाव्या पायाचा. जुना आहे, पण वापरलेला नाही. माझ्या तळाला आजवर गवताचा डाग लागलेला नाही. हे मी मोठेपणाने सांगत नाही. ज्या बुटाला चिखल ठाऊक नाही, त्याने मिरवावे तरी काय?

माझा जन्म एका लांबट खोलीत झाला. तिथे मेणाचा, चामड्याचा आणि तासलेल्या लाकडाचा वास भरून राहिलेला असे. कारागिराने एकाच कातड्यातून शेजारी शेजारी दोन तुकडे कापले. एकाचा मी झालो, दुसऱ्याचा माझा उजवा. पायाच्या आकाराच्या लाकडी ठोकळ्यावर आम्हांला ओले करून ताणले, वाळवले, मग जाड दोऱ्याने आमचे तळ शिवले. टाच आणि टोक तपकिरी, मधला भाग पांढरा. टोकावर पंखासारखी नक्षी आणि तिच्या कडेने बारीक भोकांची रांग. नाड्यांवर चामड्याची छोटी झालर. तळाला खिळे, हवे तेव्हा फिरवून काढता येतील असे.

“असले बूट आता घालतं कोण?” शेजारच्या बाकावरचा शिवणारा म्हणाला. “हलके, रबरी, रंगीबेरंगी घेतात लोक.”

“ज्याला चालताना आपण चालतोय हे कळायला हवं असतं, तो घालतो,” कारागीर म्हणाला. त्याने आम्हा दोघांच्या नाड्या एकमेकांत गाठ मारून बांधल्या आणि आम्हांला एका खुंटीवर टांगले. ती गाठ माझ्या आयुष्यातली सगळ्यांत सुखाची गोष्ट होती, हे मला तेव्हा कळले नाही.

दुकानात आम्ही वरच्या फळीवर बसलो. ते दुकान अरुंद होते. जमिनीवर एक उतरती फळी ठेवलेली असे. गिऱ्हाइकाने नवे बूट घालून तिच्यावर उभे राहायचे, म्हणजे उतारावर पाय पुढे सरकतो का ते कळे. दुकानातले आजोबा सकाळी आलेल्याला सरळ परत पाठवत. “संध्याकाळी या. दिवसभर चालून पाय फुगले की ते खरं बोलतात.” लोक कुरकुरत, पण संध्याकाळी येत.

अशाच एका संध्याकाळी दातांचे डॉक्टर आले. बरोबर त्यांची बायको आणि मुलगी. डॉक्टर उंच, हसरे आणि थोडे घाईचे. खुर्चीवर बसताच त्यांनी उजवा पाय पुढे केला.

“दुसराही काढा,” आजोबा म्हणाले.

“दुसरा त्याच्यासारखाच आहे.”

“अहो, काढा ना,” बायको हळूच म्हणाली. “इथे कोण परकं आहे?”

डॉक्टरांनी डावा बूट काढला. त्याच्या टोकातून कापसाचे बोळे टपाटप खाली पडले. दात उपटल्यावर तोंडात धरायला देतात, तसले. मुलगी हसू दाबत म्हणाली, “बाबा, दवाखान्यातला कापूस तुमच्या बुटातच संपतो म्हणा की.”

डॉक्टरही हसले, पण कान लाल झाले. लहानपणी त्यांचा डावा पाय कितीतरी दिवस प्लास्टरमध्ये होता. तो सुटला, पण उजव्याच्या मागे राहिला, चांगला अंगठ्याएवढा. तेव्हापासून ते मोठ्या मापाचे बूट घ्यायचे आणि डाव्यात कापूस भरायचे. मैदानावर फटका मारताना शरीराचा सगळा भार डाव्या पायावर येतो. तो पाय आतल्या आत सरके आणि चेंडू भलतीकडे पळे. खेळगडी त्यांना कापूसराव म्हणत.

“हे रबरी घ्या ना,” मुलगी म्हणाली. “पाणी जात नाही, पट्टी ओढली की घट्ट.”

“बूट बुटासारखा दिसावा गं. हे पायात घातलं की वाटतं, पायाला पोहायला नेतोय.”

आजोबांनी आम्हांला खाली काढले. आमची मोठ्या मापाची जोडी आणि तशीच एक लहान मापाची. डॉक्टरांच्या उजव्या पायात माझा उजवा गेला, डाव्या पायात त्या दुसऱ्या जोडीतला लहान डावा. आजोबांनी टाचेमागे बोट घालून पाहिले, टोकापाशी अंगठा दाबून पाहिला, मग डॉक्टरांना उतरत्या फळीवर उभे केले. ते तिथे उभे राहिले. हातात काठी नसताना त्यांनी एक फटका मारला. पाय जागचा हलला नाही. त्यांच्या बायकोने पदर डोळ्यांना लावला आणि धूळ गेली म्हणाली.

“हा उजवा आणि हा डावा द्या,” डॉक्टर म्हणाले.

“जोडी मोडून मी विकत नाही,” आजोबा म्हणाले. “एका कातड्यातली भावंडं आहेत. घ्यायच्या तर दोन्ही जोड्या घ्या. पण मग हे जे दोघे उरतील, त्यांचं काय करणार?”

उरलेले दोघे म्हणजे मी आणि तो लहान उजवा.

डॉक्टरांनी आमच्याकडे पाहिले. “माझ्या उलट पायांचा कुणीतरी असेलच की जगात. डावा मोठा, उजवा लहान. त्याला शोधून देईन. शब्द देतो.”

तेव्हा आजोबांनी ते तेलाचे आणि फडक्याचे सांगितले. मग त्यांनी आमच्या नाड्यांची गाठ सोडली.

घरी आम्हांला दोन खोक्यांत ठेवले. एका खोक्यात घालायचे, दुसऱ्यात उरलेले. मुलीने आमच्या खोक्यावर खडूने लिहिलेसुद्धा, ‘उरलेले’. ते नाव आम्हांला चिकटले ते चिकटलेच.

लहान उजव्याशी मी बोलत नसे. काय बोलणार? त्याचे कातडे वेगळे, पांढरा रंग किंचित पिवळसर, शिवण दुसऱ्याच हाताची. तोही आपल्या डाव्यासाठी झुरत होता. एका खोक्यात दोन पोरके शेजारी शेजारी पडले म्हणून त्यांचे नाते होत नाही, असे मला वाटे.

माझा उजवा मात्र मैदानावरून आला की त्याच कपाटात, आमच्या खोक्याला टेकून बसे. त्याच्या अंगाला कापलेल्या गवताचा वास येई. तो मला सांगे, सकाळचे दव कसे असते, वाळूच्या खड्ड्यात उतरताना खिळे कसे करकरतात, चेंडू भोकात पडला की डॉक्टर कसे एका पायावर गिरकी घेतात. “कापूसराव म्हणेना कुणी आता,” तो म्हणाला. मी ऐकत राही. मला हेवा वाटत नसे. वाटत असे ते एवढेच, की त्याच्या शेजारी मी असायला हवा होतो.

हळूहळू त्याच्यावर सुरकुत्या पडल्या, बोटांपाशी मोड आली, पांढरा भाग मधासारखा झाला. मी होतो तसाच होतो. एकदा कपाटाच्या आरशात आम्ही दोघे दिसलो आणि मला धस्स झाले. कुणी म्हटले नसते की ही भावंडे आहेत. मग एका पावसाळ्यात त्याने कपाटात फारच चिखल आणला, म्हणून घालायच्या बुटांची जागा मागच्या दाराशी झाली. त्यानंतर मला त्याचा आवाजही आला नाही.

आमच्याकडे येत ती फक्त डॉक्टरांची बायको. तिचा नेम कधी चुकला नाही. ताप असला तरी ती त्या दिवशी कपाटापाशी खाली बसे, आमचे जुने कागद काढी, नवे भरी आणि दोघांवर एकाच फडक्याने तेल फिरवी. हात चालू असताना ओठ हलत. मनातल्या मनात ती काही म्हणत असे. कधी माझ्याशीही बोले. “शब्द ह्यांनी दिला आणि हात माझे तेलकट. असू दे बाबा. तुझा पाय येईल हो कुठून तरी.”

आणि मित्रांनो, एकदा तो आला असे वाटलेही.

डॉक्टर दवाखान्यात माणसाच्या डोक्याकडे बसत. समोर खुर्चीत माणूस आडवा, आणि खुर्चीच्या शेवटाला त्याचे दोन बूट आकाशाकडे तोंड करून उभे. दुकानात शब्द दिल्यापासून डॉक्टरांची नजर दातांवरून घसरून त्या बुटांवर जाऊ लागली. एक दिवस ते घरी आले ते थेट कपाटाशी.

“सापडला,” ते बायकोला म्हणाले. “आपल्या मैदानाचा माळी. दाढ घेऊन आला होता. एका बुटाचं टोक बघ असं रिकामं वाकलेलं, आत बोटंच नाहीत जणू. उजवा लहान आहे त्याचा. उद्या पुन्हा यायचाय.”

“त्याला विचारलंत?”

“विचारायचं काय? दिसतंय ना.”

दुसऱ्या दिवशी खोके दवाखान्यात गेले. त्या प्रवासाचे मी काय सांगू! पिशवीच्या फटीतून उजेड येत होता. लहान उजवा माझ्याशी पहिल्यांदा बोलला. तो म्हणाला, “ओल्या गवतावर आपल्याला जमेल ना?” मी म्हटले, “जमेल.”

माळी खुर्चीवर बसला. डॉक्टर त्याच्या पायाशी खाली बसले, तसा तो गडबडला. “डॉक्टर, दुखते ती दाढ वरच्या बाजूला आहे.”

“माहीत आहे. हे घालून बघा. उताराचं गवत कापताना घसरता ना तुम्ही? हे घसरणार नाहीत.”

माळ्याने डावा पाय माझ्यात घातला. मित्रांनो, तो माझ्या आयुष्यातला पहिला पाय. मी त्याची किती वाट पाहिली होती! पण तो आत आला आणि कुठेच लागला नाही. ना टोकाला, ना कडेला. मोठ्या घरात एकटे मूल फिरावे तसा तो माझ्यात नुसता फिरला. आणि तिकडे लहान उजव्यात माळ्याचा उजवा पाय शिरेना. माळी बिचारा भिडेखातर ओढतच होता.

डॉक्टर त्या पायांकडे बघत राहिले. मग त्यांनी कपाळावर हात मारला. दातांच्या तक्त्यावर माणसाची उजवी बाजू बघणाऱ्याच्या डाव्या हाताला येते. जन्मभर ते असेच डावे-उजवे उलटे करत आले होते. माळ्याचे बूट मात्र त्यांनी डोक्याकडे बसून पाहिले होते, माणूस जिकडे पाहतो तिकडेच पाहत. तिथे डावे ते डावेच होते. पण सवयीने त्यांनी तेही उलटे केले.

त्यांनी आपले बूट काढले आणि माळ्याच्या पायांशेजारी आपले पाय ठेवले. दोघांचा डावा लहान, दोघांचा उजवा मोठा. अगदी एका मापाचे.

“अरेच्चा,” माळी म्हणाला, “आपण तर जुळे निघालो.”

दोघे पुष्कळ हसले. “तुमचे जुने झाले की मला सांगा,” असेही तो म्हणाला. मग आम्हांला पुन्हा खोक्यात घातले. परतीच्या वाटेवर पिशवीची फट बंद होती.

डॉक्टरांनी आणखी एकदा पाहिले. बँकेच्या रांगेत एक बाई होत्या, त्यांच्या पायांकडे. त्या बाईंच्या ते लक्षात आले. त्यांनी साडी खाली ओढली आणि म्हणाल्या, “पायाकडे काय बघता? तोंड आहे ना मला.” डॉक्टरांनी घरी येऊन हे बायकोला सांगितले तेव्हा त्यांचा आवाज बारीक झाला होता. “शाळेत मुलं माझ्या पायाकडे अशीच बघायची. आणि आज मी तेच करत होतो. आता पुरे.”

“मग तिकडेच का जात नाही?” बायको म्हणाली. “अधू पायांसाठी पट्टे नि बूट बनवणारे आहेत, त्या गल्लीत. लहानपणी तुमचे बाबा तुम्हांला नेत होते तिथे. तिथे अशी माणसं आपणहून येतात. कुणाच्या पायाकडे चोरून बघावं लागत नाही.”

“त्या गल्लीत मी पाऊल ठेवणार नाही. कागदावर उभं करायचे, पायाभोवती पेन्सिल फिरवायचे आणि मग माझ्या बाबांकडे बघून मान हलवायचे. ती हलणारी मान मला अजून दिसते.”

बायकोने आमच्यावर तेल फिरवले आणि कपाट लावून घेतले.

त्यानंतर कपाट होते आणि मी होतो. बाहेर काय ऋतू आहे ते मला तेलावरून कळे. थंडीत ते घट्ट असे, उन्हाळ्यात पातळ. तिचा नेम चालू होता, पण तिचेही डोळे अधू झाले. झालरीखाली, जिथे तिचे बोट पोचत नसे, तिथे मला एक बारीक चीर पडली. माझ्या तळाचा दोरा कोरडा होऊ लागला. दोरा सुटला की बूट संपला, हे आम्हांला उपजतच ठाऊक असते.

एकटेपणाची मला भीती वाटत नव्हती. मला भीती होती ती, काही न करता संपण्याची. एखादा पाय थंडीत कुडकुडतो आहे, एखादा घसरतो आहे, कुणीतरी आपल्या बुटात कापूस भरतो आहे, आणि मी इथे कोराकरकरीत पडलो आहे.

मग डॉक्टरांचा गुडघा दुखू लागला. खेळ सुटला. पाठोपाठ दवाखाना बंद झाला, आणि दोघांनी मुलीच्या घरी राहायला जायचे ठरले. तिथे दोनच खोल्या त्यांच्या. मुलगी आली आणि तिने सगळी कपाटे जमिनीवर उपडी केली. एका बाजूला न्यायचे, एका बाजूला टाकायचे.

“आई, हे अजून आहेत? उरलेले?” तिने आमचे झाकण उघडले. “बाबांचे घातलेले एक वेळ समजू शकते. पण यांना कोण नेणार? चिरा पडायला लागल्यात बघ.”

आणि तिने आम्हांला टाकायच्या बाजूला ठेवले. तिचे काही चुकले नाही. घर हलवणाऱ्याला निवडावेच लागते.

तिची आई आली, खाली बसली आणि त्या ढिगातून खोके ओढून मांडीवर घेतले. त्या दिवशी तेलाचा दिवस होता. बाटली बांधाबांधीत कुठे गेली होती कोण जाणे. तिने स्वयंपाकघरातून वाटीत थोडे तेल आणले, पदराच्या टोकाने आम्हांला पुसले आणि तेच बोटाने लावले. बोट झालरीखाली गेले तेव्हा तिला ती चीर लागली.

“अहो,” तिने हाक मारली. “एक उन्हाळा काढतील फार तर. मग शिवण सुटेल.”

डॉक्टर दारात उभे होते. “मी काय करू म्हणतेस?”

“मी काही म्हणत नाही. शब्द तुम्ही दिलात, तेल मी लावलं. माझं मी केलं. आता हे मी कचऱ्यात ठेवणार नाही, आणि तिकडे न्यायला जागा नाही. एवढंच सांगते.”

ती रागाने बोलली नव्हती. ती कधीच रागाने बोलत नसे. म्हणूनच डॉक्टर बराच वेळ तिथून हलले नाहीत.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादे असे खोके असेल. त्यातल्या वस्तूने काही गुन्हा केलेला नसतो. तिचा कुणीतरी, कुठेतरी, तिच्याइतकाच अडलेला असतो. तिला जपा, पण नुसती जपून थांबू नका. जपलेली वस्तू हातात घेऊन एकदा तरी दाराबाहेर पडा. ज्या वाटेला जायला आपले पाय नको म्हणतात, त्याच वाटेला तिचे घर असू शकते.

त्या रात्री अंधारात मी लहान उजव्याला हाक मारली. तो जागाच होता. त्याच्या अंगाला माझ्याच अंगाचे तेल होते, एका बोटाने लावलेले. त्यालाही सुरकुती नव्हती, मोड नव्हती. झालरीखाली त्यालाही तशीच चीर गेली होती. आरशात माझा उजवा मला परका दिसला होता. याच्याकडे मात्र मी कधी नीट पाहिलेच नव्हते. एका कातड्यातले आम्ही नव्हतो. पण एका वाट पाहण्यातले होतो.

सकाळी घर अजून निजलेले असताना डॉक्टर उठले. ते मागच्या दाराशी गेले आणि त्यांनी घालायचे बूट घेतले. पायरीवर बसून त्यांनी त्यांच्या तळाचे सगळे खिळे फिरवून काढले, म्हणजे रस्त्यावर चालता येईल. मग ते आत आले. त्यांनी आम्हांला खोक्यातून बाहेर घेतले. माझी नाडी आणि लहान उजव्याची नाडी हातात धरून थोडा वेळ पाहिले आणि दोन्हींची एकमेकांत गाठ मारली.

बायको स्वयंपाकघराच्या दारात आली. तिने एक कापडी पिशवी पुढे केली.

“तिथले आता सगळे नवे असतील,” डॉक्टर म्हणाले. “मला कोण ओळखणार?”

“मान हलवली तर हलवू दे,” ती म्हणाली. “तुम्ही या पायांनी एवढं चाललात ते त्यांना दिसेल की.”

त्यांनी बूट चढवले, पिशवी उजव्या हातात घेतली आणि फाटकाची कडी आवाज न करता उघडली. त्या गल्लीची वाट त्यांना कुणाला विचारावी लागली नाही. पिशवीच्या कापडापलीकडे, अगदी माझ्याजवळ, माझा म्हातारा उजवा रस्त्यावर पाऊल टाकत होता. आणि आत माझ्या नाडीला गाठ होती.